रोशनी भोयेची चौकशी

सावळघाटाच्या वळणावर रोशनीनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि गाडीवरून न उतरताच वाकून मुठीएवढा दगड उचलला. पेठ नाक्यापासून आरशात तोच लाल हेल्मेटवाला होता. तिनं वेग वाढवला की तो वाढवायचा, तिनं कमी केला की त्याचाही कमी. असले योगायोग देव करत नाही, माणसंच करतात.

तोही थांबला. हेल्मेटची काच वर केली.

"ताई, तुमचा..."

"ताई म्हणून पाठलाग करायची नवी रीत निघाली का?"

"रस्ता सरकारचा आहे."

"रस्ता सरकारचा, पाठ माझी आहे. बोल पटकन. नेम बरा आहे माझा."

तो दगडाकडं बघत हसला. "स्टँड... तुमचा साइड स्टँड खालीच आहे. डाव्या वळणाला घासला तर थेट दरीत. केव्हाचा हॉर्न वाजवतोय."

स्टँड खरंच खाली होता. रोशनीनं तो पायानं वर मारला. आभाराचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. हसताना त्याच्या गालाला पडलेली खळी मात्र तिला दिसली, आणि ती दिसली याचाच राग आला.

संशय घ्यायला तिच्याकडं कारण होतं. सातपूरला एका कंपनीत ती सुटे भाग तपासायची, तिघी मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची, आणि शनिवारी भावाच्या जुन्या मोटरसायकलवरून पेठमार्गे सुरगाण्याच्या अंगाला आपल्या पाड्यावर जायची. बापाची, झिपरू भोयेची, एकच अट होती. "पोरी, बोल येता कामा नाय. ज्या दिशी बोल आला, त्या दिशी नोकरी बंद, गाडी बंद."

पोरगी वागते कशी, हे कुणी बघत नाही. लोक बोलतात काय, एवढंच बघतात. पोरगा दारू पिऊन गटारात लोळला तरी त्याच्याबद्दल कुणी चार माणसांत विचारत नाही. पोरीची चौकशी मात्र कंपनीच्या गेटपासून किराणा दुकानापर्यंत होते, आणि ती करणारे स्वतःला शहाणे समजतात.

पुढच्या शनिवारी करंजाळीला, भिमाबाईच्या टपरीवर, लाल हेल्मेट बाकावर ठेवून तो चहा पीत बसलेला. मयूर गावित. पेठजवळचाच. सातपूरला लेथवर काम करायचा.

"आज स्टँड वर आहे," रोशनी म्हणाली.

"बघितलं मी."

"म्हणजे बघत होतास."

भिमाबाईनं पदरात हसू लपवलं. मयूरनं आपल्या बाजूला जागा केली. रोशनी समोर बसली.

तो भराभर विचारत गेला... रात्रपाळी असते का, खोलीवर स्वयंपाक कोण करतं, नागलीची भाकरी थापता येते का.

"तू पोलिसात हायस का?"

"नाय. लेथवर."

"मग एवढी उलटतपासणी?"

"माहीत असावं म्हणून."

"कुणाला?"

तो ग्लासात बघत राहिला. "...मला."

उत्तर यायला एक घोट उशीर झाला होता. रोशनीनं तो उशीर ध्यानात ठेवला. पोरं भेटली की स्वतःबद्दल फुशारक्या मारतात, हा नुसता विचारतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

तरीही त्यापुढच्या शनिवारी ती पेठ नाक्याच्या पंपावर थांबली. पेट्रोल भरून झालं होतं. हवाही भरून झाली. मग उगीच आरसा पुसत राहिली.

उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. पुढे ती, मागे तो. कोटंबी घाटात परतीच्या पावसानं गाठलं तेव्हा दोघं सागाखाली उभे राहिले, मध्ये दोन गाड्यांचं अंतर ठेवून. पावसाची झड तिच्या तोंडावर येत होती. तो काही न बोलता वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याची पाठ भिजत गेली.

"सरक की आत."

"नको. तुझ्या हातात दगड असतो."

ती हसली. मग स्वतःलाच दटावल्यासारखं तिनं तोंड फिरवलं.

"लय बेफाम चालवतेस गं," तो हळूच म्हणाला. "तुझ्यामागं येताना जीव मुठीत असतो. आणि घरी गेलो की शनिवारची वाट बघतो."

लबाड, तिनं मनाशी म्हटलं... पण आवाज ओला होता त्याचा.

रविवारी सकाळी घरात कुणी तिच्याशी बोलेना. शेवटी आईनं चुलीपाशी सांगितलं. पेठकडच्या महाल्यांचा राकेश, त्याच्यासाठी रोशनीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्यांनी सातपूरला चौकशी केली आणि नकार कळवला. पोरगी बेफाम गाडी हाकते, कुणाला मोजत नाय, घर काय सांभाळणार!

"उद्या जा," झिपरू पाठमोराच म्हणाला. "सामान घेऊन ये. मग गाडी भाऊ नेईल."

बेफाम. तो शब्द तिनं सागाखाली ऐकला होता.

सोमवारी सकाळी करंजाळीला ती गाडीवरून उतरली तेव्हा मयूर हसत उठला. तिचं तोंड बघून हसू विरलं.

"राकेश महाले तुझा कोण?"

"...मामाचा पोरगा."

"आणि तू चौकशीला."

"पहिल्या दिवशी, हो. मामा म्हणाला, तू सातपूरलाच हायस, पोरगी बघून ठेव." त्यानं ओठ ओले केले. "पण नंतर... रोशनी, तू चांगली हायस, हे सांगायला गेलो आणि जीभच वळेना. चांगलं सांगितलं तर राकेशची झाली असतीस. म्हणून वाईट सांगितलं."

"प्रेम तुझं आणि बदनामी माझी? बापानं नोकरी सोडायला सांगितलीय. सामान आणायला निघालेय मी."

मयूरचा चेहरा पांढरा पडला. "मला माहीत नव्हतं..."

"सगळं विचारलंस. हेच तेवढं नाय विचारलंस. चल, माझ्या बापासमोर बोल."

"मामा परत दारात उभं करणार नाय मला."

"मग चहा पी."

तिनं गाडी माघारी वळवली. घाटभर तिनं आरशात बघितलं नाही. बघायची भीती वाटत होती.

अंगणात गाडी उभी केली, तेव्हा मागून दुसरी येऊन थांबली.

झिपरू खळं सारवत होता. मयूरनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, राकेशचं, मामाचं, स्वतःचं. झिपरूनं शेणाचे हात झटकले.

"पोरगी बेफाम गाडी चालवती, हे खोटं का?"

"खरं हाय, काका."

"कुणाला मोजत नाय?"

"ते पण खरं."

"मग खोटं काय सांगितलंस रे?"

मयूरनं रोशनीकडं बघितलं. "हे सगळं वाईट हाय, असं सांगितलं. ते खोटं."

झिपरू पोरीकडं न बघताच म्हणाला, "दुपारची पाळी ना तुझी? निघ. उशीर व्हायचा." आणि मयूरला, "तुझी पण चौकशी करावी लागंल."

"ती मी करीन," रोशनी म्हणाली.

आणि केली. पुढच्या रविवारी एकटीच त्याच्या गावात गेली, हापशावरच्या बायांना गाठलं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"बाप नाय आला?"

"नांदायचं मला आहे, बापाला नाही. सांगा, पोरगा कसा आहे?"

मग काय, बायांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मयूर आपल्या दारात उभा राहून लांबून हातवारे बघत होता. रोशनी गाडीवरून त्याच्यापाशी आली तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"काय म्हणाल्या?"

"आळशी आहे. घोरतो. आईला उलट बोलतो. भात करपवतो."

"...मग?"

तिनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, आणि पहिल्यांदाच ती त्याच्याकडं सरळ, बिनधास्त बघत होती.

"मग काय... महाल्यांसारखी मी तेवढ्यावर नकार देणारी नाही."