गाळलेले तीन परिच्छेद

अंधेरीच्या पोस्टात पार्सलची रांग लांब होती, म्हणून गंधालीनं मोबाईल काढला आणि 'ओटीवरून' उघडलं. दर दुसऱ्या रविवारी ई-मेलनं येणारं हे न्यूजलेटर मार्सेलिना नावाची एक चित्रकार लिहायची. बायकांवर जीव लावणाऱ्या बायका तिच्या चित्रांत असत. आपणही त्यांतल्याच, हे ती कधी लपवत नसे. गंधालीनं मात्र ते मागवण्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढला होता, आणि घरात तो कुणालाच ठाऊक नव्हता.

ती अंगठ्यानं भराभर खाली सरकत होती, तोच मागून आवाज आला.

"जरा हळू ना. मधलं लिहायला मला दोन दिवस लागलेत."

गंधालीनं वळून पाहिलं. काखेत पुठ्ठ्याची लांब नळी, बोटांच्या पेरांना काळी शाई आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"तुम्ही…?"

"मार्सेलिना. आणि तू ती, जी शेवटपर्यंत वाचत नाही."

"शेवट सापडला तर वाचेन," गंधाली बोलून गेली. मग तिचं तिलाच नवल वाटलं, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "अकरा सदरं आहेत. चित्राखाली प्रदर्शनाची जाहिरात, जाहिरातीखाली आजीची बाटलीमसाल्याची कृती, मग पुन्हा चित्र—"

"आजीची नाही, मावशीची."

"बघा. तेसुद्धा कळलं नाही."

मार्सेलिना मोकळं हसली. "मग तूच आवरून दे की."

आवरणं हेच गंधालीचं काम होतं. एका विमा कंपनीत ती किचकट पत्रं सोप्या मराठीत लिहून द्यायची. हे सांगेपर्यंत दोघींची पार्सलं गेली होती आणि बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. मार्सेलिनाकडे छत्री नव्हती. गंधालीची छत्री एकीपुरतीच होती, तरी दोघी तिच्याखालून रिक्षापर्यंत गेल्या. बोरीवलीला घरी पोचेपर्यंत गंधालीचा डावा खांदा चिंब होता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी ती मरोळच्या गावठाणात गेली. चहूकडून टॉवर उठलेले, आणि त्यांच्या मधोमध मार्सेलिनाचं कौलारू घर. पुढे लाल कोब्याची ओटी. मार्सेलिनाचे वडील हर्बर्ट तिथे पेपर वाचत बसले होते.

"ये गो बाय," ते म्हणाले. "ही पोर काही फेकत नाही. चप्पलसुद्धा. तुझ्याच्यानं होतंय का बघ."

गंधालीनं जुने चौसष्ट अंक छापून आणले होते. तिनं ते ओटीवर पसरले आणि कात्री हातात घेतली.

"हे पत्र तू कुणाला लिहितेस?"

"दोन हजार तीनशे लोकांना."

"म्हणून गर्दी होते. एका माणसाला लिही. एकच चित्र, त्याची एकच गोष्ट, खाली एक सूचना. बस्स."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्याला त्याची त्याची जागा देऊ. फेकणार नाही काही."

तिनं शब्द पाळला. चौसष्ट अंकांचे तिनं तीन कप्पे केले: चित्रं, माणसं, स्वयंपाक. शहरातल्या विश्वासाच्या वकिलांची, डॉक्टरांची, समुपदेशकांची यादी दर अंकात नवव्या सदरात बुडून जायची. तिचं एक कायमचं पान केलं आणि ते सगळ्यांत वर आणलं. या नव्या रूपातल्या तिसऱ्या अंकानंतर मुलुंडहून एका मुलीचं उत्तर आलं— 'वर्षभर वाचतेय, पण ही यादी आज दिसली. आज फोन केला.' मार्सेलिनानं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा, हळू. मग ती गंधालीकडे बघत राहिली, इतका वेळ की गंधालीला कात्री खाली ठेवावी लागली.

"काय?"

"काही नाही. तुझ्या गालाला शाई लागलीय."

"कुठे?"

"थांब, मी…" मार्सेलिनानं अंगठ्यानं ती पुसली. पुसली कसली, आणखी पसरवली. आतून हर्बर्ट गरम तळलेल्या फुग्यांची ताटली घेऊन आले, दोघींकडे पाहिलं, आणि ताटली ठेवून पुन्हा आत गेले.

शनिवार असे सरत गेले. घरी गंधाली 'ऑफिसचं जादा काम' म्हणायची. आई विचारायची नाही. डब्यात फक्त दोन घावणे जास्त घालायची.

न्यूजलेटर आता लोक शेवटपर्यंत वाचू लागले. एकमेकांना पाठवू लागले. ऑक्टोबरात एका सकाळी गंधालीच्या शेजारी बसणाऱ्या दिशानं ऑफिसच्या ग्रुपवर त्याचा एक अंक टाकला. 'काय सुंदर लिहिते यार ही बाई.' गंधालीनं त्यावर उंचावलेल्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि दिवसभर दिशाच्या नजरेला नजर दिली नाही.

त्याच आठवड्यात मार्सेलिनानं नवा अंक तिच्याकडे सोपवला. नेहमीसारखंच म्हणाली, "बघ आणि रविवारी पाठवून दे." पण फोनवरचा तिचा आवाज जरा हललेला होता.

रविवारी सकाळी गंधालीनं अंक उघडला. चित्रात ओटीच्या पायरीवर पाठमोरी बसलेली एक मुलगी होती. केसांत खोचलेलं पेन, मानेवर तीळ, भोवती कागदांच्या कातरणांचा सडा. खाली तीन परिच्छेद.

'मला कुणीतरी सांगितलं, पत्र एका माणसाला लिही. तेव्हापासून मी एकीलाच लिहितेय. ती दर शनिवारी येते, माझी वाक्यं कापते आणि जाताना घरात एवढी जागा करून जाते की पुढचा शनिवार येईपर्यंत ती रिकामी वाटते…'

नाव कुठेच नव्हतं. पण तो तीळ दिशा रोज बघत होती. घरी वहिनी ओळखेल. बिल्डिंगमधल्या बायका ओळखतील. स्वयंपाकघरात आई खोबरं खवत होती, तो खरखर आवाज गंधालीच्या कानात मोठा मोठा होत गेला. मार्सेलिनाला फोन करावा, असं तिच्या मनात आलं. पण फोन केला तर 'का' ते सांगावं लागलं असतं.

तिनं ते चित्र काढून टाकलं आणि जुनं माशांचं चित्र लावलं. तीन परिच्छेद गाळले आणि तिथे एक ओळ लिहिली— 'या वेळी शब्दांना सुट्टी.' आणि पाठवून दिलं.

दुपारी ती मरोळला गेली. मार्सेलिना ओटीवरच होती.

"व्याकरण चुकलं होतं का?" तिनं विचारलं.

"खूप… लांब झालं होतं."

"खोटं नको बोलू, गंधाली. तू शिकवलंस तसंच लिहिलेलं."

गंधालीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"नको म्हणाली असतीस, तर मीच काढलं असतं. हसून काढलं असतं," मार्सेलिना म्हणाली. "तू विचारलंसुद्धा नाहीस. माझं कळल्यावर या घरात बारा वर्षं पाहुणे आले की मला आतल्या खोलीत पाठवायचे. डॅडी आता त्यासाठी रडतात. पुन्हा आत नाही जायचं मला. तुझ्यासाठीपण नाही."

"मला थोडा वेळ दे."

"वेळ दिला असता. तू मागितलास कुठे?"

ती उठून आत गेली. गंधाली निघून आली.

न्यूजलेटर येत राहिलं, नीटनेटकं, तिनं घालून दिलेल्या चौकटीत. एक चित्र, एक गोष्ट, एक सूचना. गंधाली ते आता सगळ्यांसारखं रविवारी वाचायची. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नसे. दहा वेळा तिनं उत्तर लिहायला घेतलं. लोकांची पत्रं सोपी करून देणाऱ्या मुलीला स्वतःचं एक साधं वाक्य लिहिता येईना.

मार्चमध्ये एका दुपारी कोकमं निवडता निवडता तिनं आईला सांगितलं. सगळं. पोस्टातल्या रांगेपासून. आईचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. मग ती जे बोलली, ते ऐकून गंधाली तशीच उठली आणि मरोळला गेली.

मार्सेलिना ओटीवर छपाईसाठी लिनोचा ठसा कोरत होती. गंधालीला बघून तिनं हत्यार बाजूला ठेवलं.

"मी आईला सांगितलं," गंधाली उभ्या उभ्याच म्हणाली. "आणि तुला सांगायचं राहिलं होतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तेव्हाही होतं. त्या दिवशी मी भ्याले आणि तुला न विचारता तुझं लिहिणं कापलं. माझं चुकलं."

मार्सेलिनानं मांडीवरचे लिनोचे तुकडे झटकले.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली… मग तिला कधी घरी का नाही आणलंस?"

मार्सेलिनानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

"जानेवारीत सांगितलं असतंस ना, तर…" ती थांबली. "ॲश्ली आहे आता. वसईची. चांगली आहे गं ती. तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे तिला."

"हं."

"येईलच एवढ्यात. बस. भेटून जा."

पळून जावंसं वाटत होतं, पण एकदा पळून झालं होतं. गंधाली बसली. हर्बर्टनी चहा आणला. ॲश्ली आली, सरळ हात पुढे करून म्हणाली, "ती यादी वर आणली ती तूच ना? तिच्याबद्दल विचारायला लिहिलं, त्यातूनच मी हिच्यापर्यंत पोचले." गंधालीनं तो हात हातात घेतला, हसून, आणि ते हसू चहा संपेपर्यंत सांभाळलं.

घरी आली तेव्हा आई दारातच होती.

"भेटला ता चेडू?"

"भेटली."

"मगे?"

"उशीर केला मी."

आई उंबऱ्यावर टेकली. रागावली की नाहीतर घाबरली की ती मालवणीत बोलायची. हळूच म्हणाली, "ह्या माझ्यामुळा झाला मां?"

हो म्हणणं सोपं होतं. गंधालीनं चप्पल काढली आणि आईच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"नाही गं आई. तुला तर मी विचारलंच नव्हतं."