दोन रजया

आम्ही गेलो होतो बर्फ आणायला! ध्रुवाजवळच्या त्या पठारात, खोल खाली, आठशे वर्षांपूर्वीची हवा बर्फातल्या बुडबुड्यांत अडकून पडली आहे. ती तपासली, की हवामान कुठून कुठे आलं ते कळणार होतं. या बर्फापायी मी तीन वर्षं घरदार विसरले होते.

सोबत वाटाड्या काका. वीस उन्हाळे त्यांनी याच पठारावर काढलेले. खोदून काढलेला बर्फ वितळू नये म्हणून मी तो माझ्या घसरगाडीवर दोन जाड रजयांत गुंडाळला, तेव्हा ते म्हणाले, "पोटच्या पोराचेही इतके लाड कोणी करत नाही! इथं म्हातारा कुडकुडतोय, त्याचं काय?"

"तुम्ही वितळत नाही ना, काका!"

परतीच्या तिसऱ्या दिवशी ऊन चक्क चटके देत होतं. पाऊल टाकण्याआधी सळई खुपसून बर्फ तपासायचा, हा काकांचाच नियम. पण ही वाट त्यांच्या पायाखालची. त्यांनी सळई काखोटीला मारली आणि पुढे निघाले.

कडाड्! बर्फ फुटला! काका छातीभर पाण्यात! त्यांनी घसरगाडी ओढायचा कमरेचा पट्टा सोडवला, तोच तंबू, कपडे, अंथरुणं घेऊन त्यांची घसरगाडी बर्फाखालच्या प्रवाहात गडप झाली. मी आडवी पडले. दोर फेकला. जीव खाऊन ओढलं! काका वर आले, पण ओठ निळे, दातखीळ बसलेली.

कोरडं असं आता एकच काही उरलं होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा हात अडला. मग मी रजया ओढून काढल्या, काकांचे ओले कपडे उतरवले, त्यांना गुंडाळलं आणि घट्ट मिठी मारून बसले. बसल्या बसल्या वायरलेसवरून तळावर मदत मागितली.

तासाभराने त्यांना कंठ फुटला. "वीस वर्षांत इथं पाण्याचा थेंब पाहिला नाही गं..." मग त्यांना उघडा बर्फ दिसला. "पोरी, काय केलंस हे!"

"त्याला ऊब सोसत नाही, काका. तुम्हाला लागते."

बर्फाला कान लावला, तर बुडबुडे टिकटिक फुटत होते. मला रडू आवरेना. शेवटी त्याच वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा मी माझ्या गाडीवरच्या स्टोव्हवर चहा केला.

"साखर कमी झालीय," काका म्हणाले.

मदतीची गाडी दिसू लागली, तेव्हा मी वही उघडली. 'बर्फ गेला' असं लिहिलं, आणि त्याखाली: 'वीस वर्षं कोरड्या असलेल्या वाटेवर वाहतं पाणी. खोली: काकांच्या छातीपर्यंत. काका सुखरूप.'