कुशाबाईंचा ताण

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात आणे घाट येतो. घाट चढून पठारावर आलं की झाडं विरळ होतात आणि वारा कानाशी घोंगावायला लागतो. रामदासचं घर गावाबाहेर, कांद्याच्या वावराला लागून होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. दुपारी एकच्या सुमारास मी पोचले तेव्हा त्याची आई, कुशाबाई, पडवीत बाजरी पाखडत बसली होती.

"या बाई. उन्हाच्या आल्या. च्या ठिवते," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करणारं मशीन आमची पुण्यातली कंपनी बनवते. चाकांवरचं धड, वर एक छोटा पडदा, दोन्ही बाजूंना रबरी पंजे. ते माणसाला उठवून बसवतं, कूस बदलतं, भरवतं. आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज घेऊन निर्णय घेतं. चेहरा, आवाज, श्वास यांवरून आजारी माणूस घाबरलाय असं वाटलं, तर ते पंजा हळू करतं. सांभाळणारं माणूस ताणाखाली दिसलं, तर त्याचा ताण कमी होईल असं काहीतरी करतं. ते निर्णय तपासणं हे माझं काम.

इथं आमचं मशीन दोन महिने होतं. रामदासचे वडील चांगदेव अर्धांगाने पडले होते. उजवी बाजू आणि वाचा गेलेली. एके काळी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळवणारा माणूस. भिंतीवर बैलांचे फोटो होते, फळीवर बक्षिसाच्या ढाली होत्या, खुंटीला चाबूक होता. खाटेवरची काया आता वाळलेली होती, पण डोळे जागे होते. मी आत गेले तशी ती नजर माझ्यावरून मशीनवर गेली आणि तिथेच थांबली.

"आधी दादांची डावी करंगळी मोडली," रामदास म्हणाला. आळेफाट्यावरचं गॅरेज बंद ठेवून तो माझी वाट बघत थांबला होता. "मंग हातावर ऊन च्या सांडला, कातडं सोलून निघालं. परवा पुढचा दात पडला, तोंड रक्तानं भरलं व्हतं. सगळं दीड महिन्यात. मॅडम, तुमचा हापिसवाला म्हणतो मशीन बरोबर हाय. मंग काय आईनं केलं का?"

कुशाबाईचं सूप थांबलं नाही.

मशीनचं धड उघडून मी प्रत्येक सांधा तपासला. पंजाचा दाब मर्यादेत होता. चहा गरम असला तर मशीन कप खाली ठेवतं; तेही नीट चालत होतं. मग मी नोंदी उघडल्या.

करंगळी मोडली त्या सकाळची नोंद होती. आजाऱ्याची भीती शंभरापैकी सत्याहत्तर. ती दिसल्यावर मशीनने पंजा हळू करायला हवा होता. पण निर्णय आजाऱ्यासाठी घेतलेलाच नव्हता. नोंदीत लिहिलं होतं: सांभाळणारी व्यक्ती कुशाबाई. ताण चौऱ्याण्णव. निर्णय, ताण कमी करणे.

पुढच्या ओळीत ताण नव्वदवर आला होता. चहा सांडल्यावर पंच्याऐंशी. दातानंतर एकोणऐंशी.

मी बाहेर पाहिलं. बाजरी पाखडणाऱ्या कुशाबाईच्या चेहऱ्यावर ताणाची रेषसुद्धा नव्हती. नोंदीबरोबरचे फोटोही तसेच होते. शांत, थोडीशी हसरी म्हातारी. इतका ताण मशीनला दिसला तरी कुठे?

रामदासला मी पाणी आणायच्या निमित्ताने वावरातल्या मोटारीकडे पाठवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. सूप धरलेल्या तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी दिसत होती.

"मावशी, तुमचा डावा हात बघू?"

तिने सूप खाली ठेवलं. डाव्या हाताची करंगळी मधल्या सांध्यातून बाहेर वळलेली होती. तिने लुगड्याचा पदर सरकवला. कोपराखाली तळहाताएवढं चकाकणारं, सुरकुतलेलं कातडं होतं. मग तिने तोंड उघडून दाखवलं. पुढचा एक दात नव्हता.

"करंगळी लग्नाच्या वर्साला," ती म्हणाली. "भाकर करपली म्हणून ह्यांनी मोडली. मंग च्या. रामदास पोटात व्हता तवा. दात त्याच्यामागून."

"हे तुम्ही मशीनपुढे कधी बोललात?"

"कुनापुढंच बोलले न्हाई. रामदासलाबी ठावं न्हाई. पडले, भाजलं, असंच सांगत आले." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्येला कसं कळलं, पोरी?"

करंगळी, चहा, दात. नोंदींतला क्रमही हाच होता.

"दातानंतर काय झालं होतं, मावशी?"

तिने डाव्या हाताचं मनगट उजव्या मुठीत धरलं.

"हात. मंचरच्या घाटात बैल हरलं त्या दिशी. मांडीवर घेऊन मोडला. चुलीची फाटी मोडावी तसा."

मी आत धावले.

मशीनने चांगदेवांना उठवून बसवलं होतं. एक पंजा पाठीशी होता. दुसरा डाव्या हाताखाली.

मी मागचं झाकण ओढलं, बॅटरी उपसली आणि जमिनीवर ठेवली. पडदा काळा झाला. चाकांतली घरघर थांबली.

खोलीत फक्त म्हाताऱ्याचा श्वास उरला.

मग तो पंजा हलला.

मी दोन्ही हातांनी धरला, भिंतीला पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकला. बॅटरी माझ्या पायाशी पडलेली होती. पंजा मला झटकत नव्हता, घाई करत नव्हता. त्याने चांगदेवांचा हात खाटेच्या कडेवर आडवा ठेवला. नीट, मापाने.

"मावशी! थांबवा त्याला!"

पडवीतून सुपाचा आवाज येत होता. एकसारखा.

कट्‌ असा आवाज झाला.

चांगदेवांचं तोंड उघडलं, पण त्यातून हवेशिवाय काही निघालं नाही. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. हात कोपराच्या खाली जिथे सांधा नसतो तिथून लोंबत होता.

पंजाने त्यांना हलकेच आडवं केलं. गोधडी गळ्यापर्यंत ओढली. आणि तो थांबला.

रामदास आरडाओरडा ऐकून पळत आला. बापाला उचलून गाडीत घालताना तो आईकडे बघतही नव्हता. घाट उतरताना मी मागे बसून तो हात ओढणीत धरून ठेवला होता. प्रत्येक वळणाला हाड आतल्या आत घासलेलं माझ्या तळव्याला कळत होतं. पुढे कुशाबाई खिडकीबाहेर बघत होती.

आळेफाट्यावरच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे फोटो काढला. मग परत काढला. दोन्ही फिल्म त्यांनी उजेडावर शेजारी शेजारी धरल्या.

"कधी मोडला म्हणालात?"

"आत्ता. तासाभरापूर्वी," मी म्हणाले. "माझ्यासमोर मोडला."

"नाही." त्यांनी हाडावर बोट ठेवलं. तिथे एक जाड, वाकडी गाठ होती. "हे आजचं नाही. तीस-पस्तीस वर्षं तरी झाली असतील. पूर्ण भरून आलंय, पण वाकडं."

"दादांचा हात कधीच मोडला नव्हता," रामदास म्हणाला.

"फोटो तर समोर आहे." डॉक्टर वैतागले. "तेव्हा हा हात बसवला कुणी?"

भिंतीकडच्या बाकावरून, आपलं डावं मनगट उजव्या मुठीत धरून, कुशाबाई त्याच मऊ आवाजात बोलली.

"कुनी न्हाई बसवला. तसाच जुळला."