काचेतला काळा पट्टा

"गिद्दो, मान जरा डावीकडे. आता हलू नका."

"हलत नाहीये, पोरी. आखडलोय," गिद्दो साबरी म्हणाले.

रशीद गावात नदीकाठी आयुष्यभर होड्या बांधणाऱ्या आजोबांना, म्हणजे मुलांच्या गिद्दोंना, खुर्चीत बसवण्यात शाहिनाजची अर्धी सुट्टी गेली होती. धाकटा भाऊ बासिल दिवा धरून उभा होता. मामेबहीण रिहाम शिडीवरून दिव्यासमोर एक फळी धरत होती. गिद्दोंचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, आणि वरच्या कोपऱ्यात फळीची तिरकी काळी सावली. शाहिनाज स्वतःवरच खूश झाली.

"म्हातारपणी फोटो काढतात तो मेल्यावर भिंतीवर टांगायलाच," गिद्दो कुरकुरले. "कुणाला दाखवायचा नाही. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन बाजारात राघेब फोटोवाल्याकडे गेली. "काचेत लावू?" त्याने विचारलं. शाहिनाजने मान डोलावली. राघेबने फोटो मोठा छापला, दर्शनी काचेत लावला, दुकानाला कुलूप ठोकलं आणि भाचीच्या लग्नाला निघून गेला.

त्यानंतरच्या दुपारी तिघं भाकरी आणायला गेली, तर भाकरीवाल्याने पैसेच घेतले नाहीत. उलट बासिलच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, बाळा."

"कुणाचं?" बासिलने बाहेर आल्यावर विचारलं. "आणि मला एकट्यालाच का?"

"गप रे. असं कुणी गेल्यावर म्हणतात," रिहाम म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवरून खुर्च्या उतरत होत्या. शोकाचा मंडप उभा राहत होता. रिहामने मंडपवाल्याला विचारलं, "कोण गेलं, काका?"

"लहान तोंडी मोठा घास नको. घरी जा, आईला धीर द्या," तो म्हणाला.

आपल्या आईला धीर कशाला? तिघं पळत बाजारात गेली. राघेबच्या बंद दुकानासमोर बायका डोळे पुसत होत्या. शाहिनाजने रस्त्याच्या पलीकडून काचेकडे पाहिलं. गेलेल्या माणसाच्या फोटोला कोपऱ्यात काळी फीत बांधतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फळीची सावली लांबून हुबेहूब तशीच दिसत होती.

गिद्दो सकाळपासून एका होडीच्या पोटात ठोकाठोक करत बसले होते. तिथे जाऊन डोकावण्याचं एकाही मोठ्या माणसाला सुचलं नव्हतं.

"बिचारा इद्रीस," एक बाई म्हणाली. "दमनहूरला लेकीकडे होता. फोन गेला, तसा रडत निघाला. त्याचं काळीज आधीच नाजूक."

इद्रीस म्हणजे गिद्दोंचा रोजचा डोमिनोचा जोडीदार. शाहिनाजने त्यांना फोन लावला. उचलला त्यांच्या लेकीने. घाईत ते फोन घरीच विसरले होते.

"राघेब आला की फोटो काचेतून काढून घेऊ," बासिल कुजबुजला. "गिद्दोंना कळणारसुद्धा नाही."

शाहिनाजला तो मोह झाला, नाही असं नाही. पण इद्रीस आजोबा मंडप बघणार त्याआधीच. मुलांच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? खुद्द गिद्दोच समोर दिसायला हवेत.

ती होडीजवळ गेली. "गिद्दो, फोटो मी दाखवला. वचन मोडलं," असं म्हणून तिने सगळं सांगितलं.

गिद्दोंनी रंधा खाली ठेवला. "इद्रीसची गाडी कुठे थांबते?" एवढंच विचारलं. वाटेत त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं, असं तिला वाटलं.

चौघं थांब्यावर पोचेपर्यंत अंधारलं होतं आणि तिथला दिवा बंद होता. बासिलने गिद्दोंच्या हनुवटीखाली टॉर्च धरला. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाची सावली कपाळावर! रिहाम दचकून मागे सरली.

"खालून नको," शाहिनाज म्हणाली. "इद्रीस आजोबा जागीच कोसळतील. त्या कट्ट्यावर चढ आणि समोरून धर." तिने गिद्दोंचा पांढरा रुमाल टॉर्चवर गुंडाळला. उजेड मऊ झाला, सावल्या पुसल्या गेल्या. "गिद्दो, तुम्ही आधी बोला. आवाज ओळखीचा वाटू दे."

गाडी थांबली. इद्रीस आजोबा काठी टेकत उतरले.

"डाव अर्धा टाकून पळालास ना रे?" उजेडातून गिद्दो म्हणाले.

इद्रीस आजोबांची पिशवी खाली पडली. "साबरी? तू तर मेलास ना?"

"हरलो म्हणून कबूल कर, मग मरतो."

इद्रीस आजोबा रस्त्याच्या कडेलाच बसले आणि गिद्दोंच्या गुडघ्यावर बुक्क्या मारत हमसून हमसून रडले.

मंडपात शोकाची बिनसाखरेची कॉफी तयारच होती. लोकांनी तीच साखर घालून प्यायली. "पोरांनी डोकं चालवलं, नाहीतर इद्रीस हातचा गेला असता," मंडपवाला म्हणाला. शाबासकी देणारे हात शाहिनाजच्या पाठीवर पडत होते आणि तिला लाजेने कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं.

"हे माझ्यामुळेच झालं," ती मोठ्याने म्हणाली. "गिद्दोंनी नको सांगितलेलं असताना मी फोटो दिला."

मंडपवाला कपात बघत राहिला.

गिद्दोंनी दोन खुर्च्या ओढल्या. "कॅमेरा आण. आम्हा दोघांचा काढ."

तिने दिवे सरळ समोर ठेवले. बोळकी पसरून हसणारे दोन म्हातारे. तिने आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो.

"काचेत लावू का, गिद्दो?"

"अगं, लाव की..." इद्रीस आजोबा म्हणू लागले. गिद्दोंनी त्यांना हाताने थांबवलं.

"नको," ते म्हणाले.

"बरं," शाहिनाज म्हणाली आणि कॅमेरा बंद केला. तेव्हा कुठे गिद्दोंनी तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला.