मागचे पाय

माझ्या गोष्टी घरचे लोक निम्म्याने कमी करून ऐकतात. ही मात्र जशीच्या तशी घ्या. रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती, दादाच्या हॉलमध्ये पंखा फिरत होता आणि आम्ही तिघंही टक्क जागे होतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेलं वर्षभर त्याचं एकच चाललं होतं... कोणीतरी मागून कमरेला धरलंय.

बसला तरी धरलंय. झोपला तरी धरलंय.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. शेवटी पुतणीने, म्हणजे त्याच्या मुलीने, मन घट्ट करून वृद्धाश्रमात जागा बघितली. दुसऱ्या दिवशी न्यायचं होतं. मी निरोप द्यायला गेलो होतो.

मग पुतणीने लॅपटॉप उघडला. तुमच्या त्या राक्षसाचं काही सापडतंय का बघते, म्हणाली.

तरुणपणी आम्ही भाऊ एका टीव्ही मालिकेच्या पार नादी लागलो होतो. तिच्या चाहत्यांचं दरवर्षी संमेलन भरायचं, जो तो सोंग घेऊन यायचा. आमचा चार पायांचा राक्षस. मी सोफे शिवणारा, तेव्हा फोम आणि रेक्झिन घरचंच. पुढे दादा, मागे मी, वाकून त्याची कंबर धरलेला. मागच्याची चेन पोटाखाली, तीही बाहेरून. दादाने उघडली तर सुटका, नाहीतर बसा घाम गाळत.

शेवटच्या वर्षी मी तापाने फणफणलो होतो. दादा एकटाच गेला. मागचा भाग गुंडाळून पाठीवर बांधतो, म्हणाला.

परत आला तो रिकाम्या हाती. राक्षस कुठे विचारलं, तर म्हणाला, टाकला.

आणि आता नेमकं त्याच वर्षाचं चित्रण समोर आलं. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर चढवलेलं. राक्षसाला लाल आयाळ होती. ती मी त्याच वर्षी, ताप चढायच्या आधी शिवली होती.

गर्दी. गोंगाट. आणि गर्दीतून आमचा राक्षस आला...

चार पायांवर.

"काका, तुम्ही तर घरी होतात ना?" पुतणी म्हणाली.

मी पडद्याजवळ सरकलो. रिकाम्या फोमचे पाय फरफटतात. हे पाय पावलं टाकत होते. पुढच्यांशी अगदी जुळवून. आम्हा भावांना तसं कधीच जमलं नव्हतं.

एका स्टॉलपाशी दादाने राक्षसाचं डोकं काढलं. पाणी प्याला. बाटली कमरेपाशी, फटीतून मागे दिली...

ती परत आली. रिकामी.

पडद्यावरचा तरुण दादा हसला. "आलास ना शेवटी? वाटलंच मला, तुला घरी राहवणार नाही."

मग खाली वाकून त्याने चेन उघडली.

मागचे पाय जमिनीवर कोसळले. आत कोणी नव्हतं.

दादाचे दोन्ही हात स्वतःच्या कमरेकडे गेले. तो काहीतरी उपटून काढत होता... निघत नव्हतं.

चित्रण तिथेच तुटलं.

पुतणी उठली. आश्रमाला फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि बाथरूममध्ये गेली. नळ सोडला होता, तरी रडणं ऐकू येत होतं.

दादा माझ्याकडे बघत होता.

"मी वेडा नाही ना?"

"नाहीस."

"मग सोडायला सांग त्याला. तुझ्या जागेवर आलाय तो. इतकी वर्षं न बोलता सोसलं, आता सोसवत नाही."

मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. वाकलो. पूर्वीसारखी त्याची कंबर धरली.

माझ्या तळव्यांखाली... आधीच दोन हात होते.

गार. मऊ.

ते एकेक बोट करत सुटले.

"गेला," दादा म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. संध्याकाळी भरपूर जेवला. मीठ कमी पडलं म्हणून पुतणीला टोमणाही मारला.

त्याचं आता छान चाललंय. कुठे गेला, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

फक्त हल्ली मी जिने सावकाश उतरतो. मागच्याचा पाय चुकायला नको.