भर गॅलरीत

"आई, मी डोळा मारत नव्हते गं... शपथ, नव्हते!"

रचना एवढं म्हणेपर्यंत बापाची दुसरी थप्पड बसलीसुद्धा! तीही घरात नव्हे, चाळीच्या भर गॅलरीत, नळाला पाणी आलेलं असताना, झाडून साऱ्या बायका हंडे-बादल्या घेऊन उभ्या असताना... तिचा बाप धम्मपाल वागळे इस्टेटमधून हाफ डे टाकून तडक कल्याणला आला होता, कारण क्लासच्या सहदेव सरांनी कारखान्यात फोन केला होता. तुमची मुलगी भर वर्गात मला डोळा मारते, पोरं हसतात, उद्यापासून पाठवू नका!

"चौदा वर्षांची कार्टी आणि ही थेरं? नाक कापलंस माझं! क्लास बंद, शाळा बंद. परीक्षा झाली की आत्याकडे गावाला जायचं, कळलं?"

बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. आणि मंजुळा? जन्मदाती आई दारात खांबासारखी उभी राहिली, चकार शब्द बोलली नाही! स्वतःच्या त्या मौनाचाच तिला पुढे नवऱ्याच्या मारण्याहून जास्त संताप आला. मेली ती जीभ, वेळेला का उचलली गेली नाही? आधीच्या आठवड्यात तीन दिवस पोर उजव्या भुवईवर हात दाबून ओकत होती, तेव्हा तरी आपण काय केलं होतं? "बघ अजून मोबाईल!" म्हणून बाम चोळला होता.

संध्याकाळी रचना चहा गाळायला लागली आणि अख्खी धार कपाशेजारी ओट्यावर ओतली.

"अगं, डोळे फुटले का तुझे?" मंजुळा खेकसली.

रचनाने काही न बोलता उजवा डोळा मिटला, आणि मग चहा बरोब्बर कपात पडला. मंजुळाने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"दोन्ही उघडे ठेवले की दोन कप दिसतात, आई. फळ्यावरची अक्षरंपण दोन-दोन दिसतात. एक मिटला की नीट दिसतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

सकाळी तर उजवी पापणी अर्धी खाली आलेली आणि बुबुळ कानाकडे सरकलेलं! तरी धम्मपाल म्हणतो कसा, "नाटकं आहेत, क्लास चुकला म्हणून."

"नाटक करून बुबुळ सरकतं होय?" मंजुळा कडाडली. अठरा वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज त्या घराने ऐकला नव्हता. "मग करून दाखवा तुम्ही! आत्ता, माझ्यासमोर!"

ठाण्याला नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रचनासमोर पेन धरलं. "किती?" दोन. एका डोळ्यावर हात ठेवला. "आता?" एक. बाई धम्मपालकडे वळल्या. "कळलं का, ती डोळा का मिटते ते?"

गेली वीस वर्षं धम्मपाल कारखान्यात रॉड उजेडाला धरून, एक डोळा मिटून, सरळ की वाकडा ते बघत आला होता. नव्या पोरांनाही तोच दरडावायचा, एक डोळा मिटल्याशिवाय खरं दिसत नाही म्हणून! आणि पोटच्या पोरीने तेच केलं तर...

चार दिवसांनी एमआरआयचा रिपोर्ट घेऊन तिघं पुन्हा गेले. मायग्रेनसारखाच, पण क्वचित आढळणारा आजार. डोकं दुखून गेलं की डोळा हलवणारी नस सुजते. औषधाने पापणी हळूहळू वर येईल, पण पुढेही असं होऊ शकतं, तेव्हा अंगावर काढू नका, असं बाईंनी बजावलं.

परतताना स्टेशनवरून रिक्षात धम्मपालने रचनाचा हात धरला. "चुकलो गं बाळा... माफ कर पप्पाला." रचना बाहेर बघत राहिली.

"थांबा!" मंजुळाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मारलंत भर गॅलरीत आणि माफी मागताय रिक्षात? बदनामी चार लोकांत आणि पश्चात्ताप कानात? चालायचं नाही! जिथं मारलंत तिथं बोला. नाहीतर मी हिला घेऊन आत्ताच्या आत्ता माहेरी जाते. मग बसा तुमचं नाक सांभाळत!"

चाळीत पोचले तेव्हा नळाला पाणी आलेलंच होतं. धम्मपाल गॅलरीत उभा राहिला. घसा खाकरला. शेजारच्या निशाकाकूंनी नळ बंद केला.

"त्या दिवशी मी इथंच हिला मारलं..." त्याचा आवाज चिरकला. "हिनं कुणाला डोळा मारला नव्हता. हिला एकाचे दोन दिसत होते. आजारी होती माझी पोर, आणि मी... चूक माझी आहे. उद्या सरांच्या वर्गात उभं राहूनही हेच सांगणार. शाळा बंद नाही, काही बंद नाही!"

रचनाने बापाकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या देखत, सावकाश, तिने उजवा डोळा मिटला आणि तशीच बघत राहिली.

"मघाशी दोन दिसत होतात, पप्पा," ती म्हणाली. "आता एकच दिसताय... आणि रडताय."

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मंजुळाचा राग काही ओसरला नव्हता, इतक्यात ओसरणारही नव्हता! पण तिने त्याच्या हातातली औषधांची पिशवी घेतली.

"चला आत," ती म्हणाली. "चहा टाकते. पोरीचा कप तुम्ही भरायचा."