चाळीस आवाजांची फणी

ही गोष्ट २०४३ सालची. इचलकरंजीच्या त्या शाळेला तिन्ही बाजूंनी यंत्रमाग होते, त्यामुळे होसमनी बाईंच्या सातवीच्या वर्गात इंग्रजी ओरडूनच शिकावे लागायचे. बाई म्हणायच्या, "नोबडी केम," आणि चाळीस मुले एका सुरात प्रश्नाची शेपटी जोडायची, "डिड दे?" "एव्हरीवन लाफ्ड." "डिडन्ट दे?" माणूस नेमका कोण ते ठाऊक नसले, की शेपटीला 'दे' लागायचेच. तो गजर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा.

त्या जूनमध्ये फळ्याच्या वर स्वरविभाजक बसला. चाळीस आवाजांच्या गुंत्यातून एकेक आवाज वेगळा काढून तो गुण द्यायचा. "फणी आली, आता उवा निघणार!" रझिया ओरडली, आणि तेच नाव पडले.

आठवड्यातच फणीला मंजिरी डाके सापडली. एकटीने बोलताना मंजिरीची जीभ पहिल्याच अक्षराला अडायची. सगळ्यांबरोबर मात्र ती खणखणीत बोले. फणीने नोंदवले, 'इतरांच्या आधाराने बोलते.' आता एकटीची तोंडी परीक्षा. नापास झाली तर शाळा सुटणार, आणि थेट मागावरच्या प्रशिक्षणाला.

"साहेब, तिची जीभ अडते, डोकं नाही," बाई केंद्रप्रमुख भोकऱ्यांना म्हणाल्या. "लेखी घ्या की."

"लेखी आता वाचतंय कोण, बाई? फणीला कान आहेत, डोळे नाहीत."

परीक्षेच्या दिवशी फणी म्हणाली, "समवन कॉल्ड." मंजिरीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"मंजे, श्वास घे गं," बाई पुटपुटल्या. वेळ संपत आली, तशा त्या उठून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. "डिडन्ट..." त्यांनी सुरुवात केली, आणि मंजिरीचा आवाज सुटला, बाईंच्या आवाजाला बिलगून. उरलेली नऊ उत्तरेही दोघींनी मिळून दिली. एकही चुकले नाही.

फणीने दोन्ही आवाज सोडवले. 'उत्तरे बरोबर. आवाज परावलंबी. नापास.'

"काय करून बसलात, बाई!" भोकरे म्हणाले.

"आजवर कुठलं पोर एकट्यानं बोलायला शिकलंय, साहेब?"

होसमनी बाई निलंबित झाल्या. तीन वर्षांनी निपाणीला भावाकडे वारल्या. भोकऱ्यांना बढती मिळाली. मंजिरी मागावर गेली. तिथल्या खडखडाटात बोलावेच लागत नाही, म्हणून ती रमली, असे लोक म्हणतात. तिला कुणी विचारलेले नाही. रझिया आणि बाकीची मुले पास झाली, पण शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळला तर गुण जातील, या भीतीने दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायला शिकली. आता त्या शाळेत प्रार्थनाही एकेक जण म्हणतो.

उद्या ज्या पोराची जीभ अडेल, त्याच्याबरोबर बोलायला कोण उभे राहील?